ग्राँ सिरोचं तिसरं वळण

गाडीत सहा माणसं होती.

स्टिअरिंगवर तांती ऑक्टाविया, म्हणजे माझी मावशी. तिच्या शेजारी मी. मागे चार पाहुणे, सकाळच्या पर्यटक जहाजातून उतरलेले. सहा पाण्याच्या बाटल्या, दोन छत्र्या, बर्फाची एक पेटी, एक स्टेपनी. आरशाला लटकणारी एक जपमाळ.

आणि हॉर्न एक.

हे आधीच मोजून सांगते, कारण नंतर लोक डोकं खातात. "मागे दुसरी गाडी असेल." नव्हती. "कुणाच्या तरी फोनचा आवाज असेल." फोन मी पाचही बघितले, नव्हता. ही घडलेली गोष्ट आहे. मी भौतिकशास्त्र शिकलेय. खोटंच सांगायचं असतं, तर याहून बरं काहीतरी रचलं असतं.

जागा : डॉमिनिका. डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे, ते वेगळं. आमचं बेट एवढंसं, गाडीने दिवसभरात फिरून होतं. जहाजं येतात ती त्यासाठीच.

वेळ : जानेवारीतला मंगळवार, दुपारी साडेतीन. लख्ख ऊन. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. ज्यांना ती हवी असेल त्यांनी दुसरी गोष्ट वाचावी.

आमचे डोंगरातले रस्ते एका गाडीपुरते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. म्हणून आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यायचा आणि कान द्यायचा. समोरून उत्तर आलं, तर तो कडेला थांबलाय, "या तुम्ही" म्हणतोय. मग आपण जायचं. जाताना हात वर करायचा आणि आभाराचे दोन छोटे हॉर्न.

आणि त्याचा हॉर्न आधी आला, तर आपण उत्तर द्यायचं. कडेला घ्यायचं. थांबायचं.

ज्याचा हॉर्न आधी, त्याची वाट.

हे कुठल्याही कायद्यात नाही. पण आमच्याकडे चार वर्षांचं पोरसुद्धा खेळण्यातली गाडी याच नियमाने फिरवतं.

आता ग्राँ सिरोबद्दल.

हे गाव रस्त्याच्या शेवटाला होतं, खाली दरीत. होतं. सहा वर्षांपूर्वीच्या वादळात वरचा डोंगर सुटला. त्या दिवशी तांतीचा नवरा, अंकल थिओ, सकाळपासून गावातली माणसं बसमधून वर आणत होता. बसच्या कपाळावर लाल अक्षरांत रंगवलेलं — 'घाई कसली?' हॉर्न भंगारातल्या केळीच्या ट्रकचा. जाड, घोगरा, आणि शेवटी फाटणारा. तो हॉर्न ऐकला की सगळी दरी म्हणायची, थिओ आला.

शेवटच्या खेपेत बसमध्ये सात जण होते. वर वाट बघणाऱ्यांनी तिसऱ्या वळणावरचा हॉर्न ऐकला. उत्तर द्यायला वर एक ट्रक उभाच होता. त्याने उत्तर दिलं.

बस वर आली नाही.

आठ माणसं तिथे खाली आहेत. अजून.

जेसीबी मागितला, तेव्हा सांगितलं गेलं की रस्ता अरुंद आहे, जेसीबी चढणार नाही. तीन महिन्यांनी जाहीर केलं, शोध थांबवला. शोध सुरू कधी केला, ते मात्र कुणी जाहीर केलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका कंपनीने तिथे व्ह्यू पॉइंट बांधायला घेतला. दरडीच्या तोंडावर लाकडी माची, फोटो काढायला मोठी चौकट, शीतपेयांचं दुकान.

जेसीबी दोन आले. त्याच रस्त्याने. आरामात.

 

*

बंदरावर गाड्यांची रांग लावायचं काम लेनक्सकडे. ज्याच्या काचेवर त्याच कंपनीचा बिल्ला, त्यालाच जहाजाचे पाहुणे. बिल्ला गेला की गाडी नुसती धुवून पुसून उभी करायची. तांतीचं घर त्या एका बिल्ल्यावर चालतं. लेनक्स माझ्याच शाळेतला, दोन वर्षं पुढे. हल्ली काळा चष्मा लावून केबिनमध्ये बसतो.

त्या मंगळवारी तो स्वतः खिडकीपाशी आला.

"तांती, आज पॉइंट घे. पाहुण्यांच्या तिकिटावर छापलंय."

"मग छापणाऱ्याला सांग न्यायला."

"तीन आठवडे मी तुला सांभाळून घेतलंय. वरून मला विचारतात."

"तुझी नेनेन आहे रे तिथे, लेनक्स." नेनेन म्हणजे धर्ममाता. "बाप्तिस्म्याला तिने हातात धरलं होतं तुला. डोक्यावर पाणी पडलं तसा तिच्या नव्या झग्यावर मुतलास. अख्ख्या चर्चने बघितलंय."

रांगेतले ड्रायव्हर फिदीफिदी हसले. लेनक्स हसला नाही.

"आज पॉइंट नाही घेतलास, तर संध्याकाळी बिल्ला माझ्या टेबलावर ठेव," तो म्हणाला आणि गेला.

तांती गप्प बसणाऱ्यांतली नाही. पण तिने नुसती काच वर केली.

पॉइंटला जाऊन आलेल्या ड्रायव्हरांमध्ये कुजबूज होतीच. निम्मे म्हणायचे, त्या वळणांवर हॉर्न दिला की उत्तर येतं आणि पुढे गाडी नसते. उरलेले म्हणायचे, प्रतिध्वनी आहे, घाबरटांनो. मीही तेच म्हणायचे.

"तू चल माझ्याबरोबर," तांती मला म्हणाली. "मोज काय मोजायचं ते. प्रतिध्वनी असेल तर मी तोंड मिटून रोज जाईन. नसेल, तर शनिवारी सगळ्या ड्रायव्हरांसमोर तू उभं राहून सांगायचंस. माझं नाही ऐकत मेले. शिकलेलीचं ऐकतील."

"आणि ऐकलं तर?"

"तर एकही गाडी त्या माचीवर जाणार नाही. मग बघू लेनक्स किती जणांचे बिल्ले काढतो."

मी हो म्हटलं. मला उत्तर आधीच माहीत आहे, असं वाटत होतं.

*

पाहुण्यांमध्ये एक लाल टोपीवाला होता. सगळे प्रश्न त्याचेच. त्याची बायको पांढऱ्या केसांची, शांत. आणि त्यांचं एक मित्र-जोडपं, दोघंही डुलक्या काढणारी.

मुख्य रस्ता सोडला. चढ संपला आणि ग्राँ सिरोचा उतार लागला.

पहिलं वळण.

तांतीने हॉर्न दिला. तिचा हॉर्न नवा आहे, बारीक आणि किरकिरा. मी स्टॉपवॉच चालू केलं.

एका सेकंदाच्या थोडं पुढे समोरच्या कड्यावरून तोच बारीक आवाज परत आला, मंद होऊन. अगदी हिशेबात.

"झालं," मी म्हटलं. "हाच तुमचा प्रतिध्वनी."

"थांब," तांती म्हणाली.

झाडांत किडे किर्र करत होते. खाली कुठेतरी ओढा.

आणि मग…

भोंऽऽऽ.

जाड. घोगरा. शेवटी फाटलेला.

सहा सेकंद.

तांतीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बोल, शिकलेली."

"लांबचा डोंगर असेल," मी म्हटलं. "सहा सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटरवरचा."

पण मी बोलता बोलताच अडकले. प्रतिध्वनी मंद होतो. विरतो. बारीक हॉर्नचा जाड हॉर्न होऊन परत येत नाही.

उत्तर आलं होतं. म्हणजे वाट आमची. तांतीने वळण घेतलं.

पुढे गाडी थांबायची जागा रिकामी होती. कुणी नाही.

आणि तांतीने सवयीने हात वर केला. दोन छोटे हॉर्न दिले. पीप पीप.

आभार मानले. रिकाम्या जागेचे.

आमच्याकडच्या माणसाकडूनच अशी चूक होते. हात आपोआप उठतो.

"कुणाला हात केलात?" लाल टोपीवाल्याने मागून विचारलं.

"नवऱ्याला."

तो मोठ्याने हसला. "मला तर नाही दिसला!"

"कुणालाच नाही दिसत," तांती म्हणाली. "सहा वर्षं झाली."



*

दुसरं वळण.

पहिल्यापासून सरळ रेषेत शंभर मीटरसुद्धा नसेल. मी मनात गणित मांडलं. समोर डोंगर असेल, तर उत्तर फार तर अर्धा सेकंद लवकर यावं.

तांतीने हॉर्न दिला.

समोरच्या कड्याचा मंद आवाज आला. ठीक.

मग माझ्या लक्षात आलं… किडे थांबले होते.

ओढाही ऐकू येत नव्हता. पाणी असं मध्येच थांबत नाही.

भोंऽऽऽ.

चार सेकंद.

मी परत आकडा बघितला. चारच. अर्ध्याऐवजी दोन सेकंदांचा फरक. म्हणजे ज्याच्याकडून आवाज येत होता, ते आमच्याकडे येत होतं. डोंगर चालत येत नाहीत. इथला एकदाच आला होता.

"तांती, आपण परत फिरू."

"कुठे फिरवू? पंखावर?" ती खेकसली. रस्ता एका गाडीचा. फिरवायची जागा एकच, ती म्हणजे तो पॉइंट. "आणि परत जाऊन काय देऊ त्याला, बिल्ला? पुढे बघ आणि मोज."

तिच्या हातांच्या शिरा टरारल्या होत्या. मला वाटलं घाबरलीय. आता कळतं, ती भयंकर चिडली होती.

तिसरं वळण.

हॉर्न.

दोन सेकंद. भोंऽऽऽ.

एवढ्या जवळून, की आरशावरची जपमाळ थरथरली.

पांढऱ्या केसांची बाई पुढे वाकली. हळूच म्हणाली, "कुणीतरी वर येतंय. आपण त्यांना वाट द्यायला हवी ना?"

"उत्तर दिलंय म्हणजे थांबलेत ते," तांती म्हणाली. "आपल्याला वाट दिलीय. सहा वर्षं हेच चाललंय. सगळ्यांना वाट देतायत."

वळण घेतलं.

कुणी नव्हतं.

पण आठवडाभर पाऊस नव्हता, रस्ता पांढरा कोरडा होता. आणि थांबायच्या जागेत… चार ओले ठसे होते. एका बसच्या चार चाकांखाली असतात तेवढ्या अंतरावर. मध्ये, पुढच्या बाजूला, तेलाचा एक काळा डाग.

थिओच्या बसचं तेल गळायचं. तांती त्यावरून त्याला रोज शिव्या घालायची.

तिने गाडी अगदी हळू केली. हात वर केला. दोन छोटे हॉर्न.

"अजून दुरुस्त नाही केलंस ना ते," ती खिडकीबाहेर बघून म्हणाली.

*

पॉइंटवर लेनक्स आधीच येऊन बसला होता. तांती येते की नाही ते बघायला. त्याची पिकअप माचीला लागून उभी.

माची नवीकोरी. फळ्यांना अजून वार्निशचा वास. फोटोच्या चौकटीवर लिहिलं होतं, 'स्वर्गात स्वागत'. शेजारी पाटी : 'निसर्गाचा चमत्कार'.

खाली दरड. आता हिरवी झालेली. मधेच एका घराच्या पत्र्याचं टोक.

"आलीस ना शेवटी!" लेनक्स खूश झाला. "चला पाहुणे, इकडे फोटो काढा. तांती, तू सांग त्यांना चमत्काराबद्दल."

"सांगते," तांती म्हणाली.

ती माचीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि पायाने फळीवर ठोकलं.

"इथे खाली माझा नवरा थिओफिलस. बस चालवत होता. त्याच्या मागे ह्युबर्ट, त्याची दोन पोरं. शाळेतली मिस वर्निस. म्हातारा पापा झेव्हिए. क्लोटिल्ड, तिला आठवा महिना होता. आणि मा रोझमंड. ही या साहेबांची नेनेन. आठ. क्लोटिल्डचं धरलं तर नऊ. काढा फोटो."

लाल टोपीवाल्याने फोन खाली घेतला. त्याच्या बायकोने डोक्यावरची हॅट काढली.

"तांती, बास!" लेनक्स ओरडला. "पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"तमाशा? खांबांना खड्डे खणायला दोन जेसीबी आले, लेनक्स. माणसांना का नाही आला एक?"

"ते माझ्या हातात होतं का? मी काय सरकार आहे?"

"बिल्ला काढायला बरा तुझा हात पोचतो."

तो वळून माझ्याकडे आला. "तू तरी सांग हिला. विज्ञानवाली ना तू? सगळे ड्रायव्हर बायकांसारखे घाबरलेत, कुणा मेलेल्याचा जंबी हॉर्न वाजवतो म्हणून. प्रतिध्वनी आहे की नाही?"

मी म्हटलं, "अजून मोजतेय."

"मोज!" तो तडक पिकअपकडे गेला, खिडकीतून हात घालून हॉर्नवर तळवा दाबला. "घे, मोज!"

मी अंगठा स्टॉपवॉचवर ठेवला होता.

चालूच करता आलं नाही.

दोन हॉर्न एकदम वाजले. त्याचा आणि तो. मध्ये काही अंतरच नव्हतं.

लेनक्सने हात काढला.

त्याचा हॉर्न थांबला. दुसरा… थांबला नाही.

पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या. आवाज खालून येत होता. माचीच्या बरोबर खालून. लांब, घोगरा, आणि शेवटी, माणसाचा दम संपावा तसा, फाटला.

चौकटीवरचं 'स्वागत' अजून हलत होतं.

"बघ," लेनक्स म्हणाला. "प्रतिध्वनीच."

"प्रतिध्वनीला जाऊन यायला वेळ लागतो," मी म्हटलं. "याला लागला नाही."

"मग परत दाब तू," तांती त्याला म्हणाली. "दाब ना. नेनेनला हाक मार."

त्याने पुन्हा दाबला नाही.

*

पाहुणे न सांगता गाडीत जाऊन बसले. आम्ही परत निघालो. लेनक्सची पिकअप मागेच राहिली, तो दुकानाला कुलूप लावत होता. आता तिसरं वळण उलट्या बाजूने, चढाचं.

तांतीने हॉर्न दिला नाही.

मी तिच्याकडे बघत राहिले. जन्मात मी तिला हॉर्नशिवाय वळण घेताना बघितलं नव्हतं. तिने गाडी वळणाआधी थांबवली, काच खाली केली आणि बसून राहिली.

"देत का नाहीस?"

"सहा झाले. चार झाले. दोन झाले. मग शून्य," ती म्हणाली. "आता पुढचं काय, ते सांग."

"शून्याच्या पुढे काही नसतं. प्रतिध्वनी हॉर्नच्या आधी येऊ शकत नाही."

"मीही तेच म्हणतेय."

आम्ही थांबलो. इंजिन हळू धडधडत होतं. ऊन तसंच होतं. एक पान हलत नव्हतं.

आणि मग…

भोंऽऽऽ.

मागून. खालून. पॉइंटच्या बाजूने.

आम्ही हॉर्न दिलाच नव्हता.

ज्याचा हॉर्न आधी, त्याची वाट.

तांतीने एक क्षणही घालवला नाही. उत्तराचा हॉर्न दिला, गाडी कड्याला चिकटवून घेतली, हात बाहेर काढून बाजूचा आरसा आत दुमडला आणि इंजिन बंद केलं. जशी माझी आजी करायची, जसे इथले सगळे करतात, मोठी गाडी जायची असली की.

आधी वास आला. ओल्या मातीचा. डिझेलचा.

मग गाडी हलली. शेजारून बस गेली की लहान गाडी हलते, तशी. आधी थोडी बाहेर, मग आत. जपमाळ कड्याच्या बाजूला कलली… आणि कललेलीच राहिली. बराच वेळ. एवढा वेळ, की एका बसला जायला तो पुरून उरेल.

काहीही दिसलं नाही. मी डोळे मिटले नव्हते. शपथ घेऊन सांगते, मी डोळे मिटले नव्हते.

जपमाळ सरळ झाली.

आणि आमच्या पुढून, वरच्या बाजूने, दोन छोटे हॉर्न आले.

आभाराचे.

पुढे गेलेले. वर. शहराच्या दिशेने.

"मेस्ये," तांती एवढंच म्हणाली. आमच्याकडे देवाचं नाव घेववत नाही तेव्हा हेच तोंडात येतं. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती दात-ओठ खात होती. "फार उशीर केलास, थिओ. आता सोडू नकोस कुणाला."

मागून लेनक्सची पिकअप आली. त्याला मी खिडकीतूनच विचारलं, तुझ्या पुढून काही गेलं?

"रस्ता रिकामा आहे," तो म्हणाला. "तुम्ही का अडवलाय?"

*

संध्याकाळी त्याने तांतीचा बिल्ला काढून घेतलाच. पाहुण्यांवर ओरडली म्हणून.

शनिवारी बंदरावर जहाज नव्हतं. बदामाच्या झाडाखाली सगळे ड्रायव्हर जमले. मी उभी राहिले आणि सांगितलं. सहा. चार. दोन. शून्य. आणि परत येताना, त्यांचा आधी.

कुणी हसलं नाही. रेमो नावाचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, ज्याने त्या दिवशी वरून ट्रकचा हॉर्न देऊन थिओला उत्तर दिलं होतं, तो टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत होता.

लेनक्स केबिनमधून बाहेर आला.

"परदेशात जाऊन एवढं शिकलीस, ते जंबी मोजायला?"

"मी जंबी नाही मोजला. वेळ मोजली."

"डोंगरात काहीही ऐकू येतं! इथे ऐकव." तो तरातरा तांतीच्या गाडीकडे गेला. "इथे समोर समुद्र आहे. डोंगर नाही, दरी नाही. घे!"

त्याने तांतीचा हॉर्न दाबला. बारीक, किरकिरा.

मी स्टॉपवॉच चालू केलं. सवयीने.

समुद्र सपाट होता. धक्क्याच्या खांबावर एक पेलिकन बसला होता. लेनक्सने दोन्ही हात पसरले, "बघा, काय आहे?" असे.

पेलिकन उडाला.

आणि मग… शहरात येणाऱ्या रस्त्याकडून…

भोंऽऽऽ.

सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळल्या. रस्त्यावर कुणी नव्हतं.

रेमो रडायला लागला. "थिओच आहे तो," म्हणाला. "मी त्याला म्हटलं होतं, ये. मीच उत्तर दिलं होतं, ये."

लेनक्स कधी केबिनमध्ये गेला ते कळलं नाही. परत आला तेव्हा तांतीचा बिल्ला त्याच्या हातात होता. पुढे केला.

तांतीने हात मागे घेतला.

"बिल्ला नको. जेसीबी आण."

"तांती, ते माझ्या—"

"तुझ्या हातात नाही. माहीत आहे. ज्याच्या हातात आहे त्याला जाऊन सांग. आणि लवकर सांग, बाळा. ते आता वाट देत नाहीयेत."

रेमोने आपल्या काचेवरचा बिल्ला काढला आणि केबिनच्या टेबलावर टाकला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी.

त्या दिवसानंतर एकही गाडी पॉइंटवर गेलेली नाही. बिल्ले अजून त्या टेबलावरच पडलेत. तरी जहाज आलं की रांगेत पहिली गाडी तांतीची असते. तिच्या गाडीत पाहुणे बसल्याशिवाय बाकीचे इंजिन चालू करत नाहीत. लेनक्स काही म्हणत नाही. तो हल्ली काळा चष्मा लावत नाही, आणि त्याची झोप होत नाही, हे दिसतं.

मला ध्वनी कळतो. हे कळत नाही. रात्री खाली रस्त्यावर कुणी हॉर्न दिला की मी उठून बसते आणि तो जाड होता की बारीक, ते आठवत बसते.

जेसीबी आलेला नाही. कंपनीचं उत्तर आलं, रस्ता अरुंद आहे.

दर मंगळवारी, जहाज लागायच्या आधी, तांती लेनक्सच्या केबिनसमोर गाडी उभी करते आणि एकदाच हॉर्न देते. मी शेजारी उभी राहून मोजते.

त्या शनिवारी सहा सेकंद.

पहिल्या मंगळवारी पाच पूर्णांक एक.

मग तीन पूर्णांक आठ.

मग दोन पूर्णांक दोन.

काल, शून्य पूर्णांक सात.